आत्याचा भोंगा आणि आमच्या इमारतीचे पडदे

आत्याने आम्हा नवराबायकोला जहाजाच्या सफरीवर फुकट न्यायचं ठरवलं, तेव्हा मला आनंद वगैरे काही झाला नाही. पहिला विचार आला तो हाच, की हिला माझ्याकडून काय हवंय?

यात माझा काही दोष नाही. मी विमा कंपनीत दावे तपासतो. लोक येऊन सांगतात की गाडी आपोआप घसरली, गोदाम आपोआप पेटलं, दागिने आपोआप गेले. मी काही बोलत नाही. नुसती डावी भुवई वर करून बघत बसतो. थोड्या वेळाने समोरचा माणूस घाम पुसतो आणि खरं बोलायला लागतो. आमचे साहेब म्हणतात की या भुवईवर कंपनी उभी आहे. ही भुवई घरी येताना ऑफिसात ठेवून यावी असं बायकोचं म्हणणं आहे, पण ती काय छत्री आहे?

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. आयुष्यभर भूल देणारी डॉक्टर होती. लग्न केलं नाही. निवृत्त झाली आणि एका बड्या कंपनीच्या आलिशान जहाजांवर जायला लागली. एकदा गेली, दोनदा गेली, मग आपण किराणा आणायला जावं तशी जायला लागली. अशा नेहमीच्या गिऱ्हाइकांना कंपनी चढत्या पायऱ्यांनी मान देते. आत्या आधी ‘लाट’ होती, मग ‘शिंपला’ झाली, मग बरीच वर्षं ‘मोती’ होती. आणि आता ती ‘दीपस्तंभ’ झाली होती. त्याच्या वर काही नाही. छातीवर लावायला सोनेरी बिल्ला मिळाला होता आणि तो लावूनच ती आमच्याकडे आली होती.

“दीपस्तंभाला रांगेत उभं राहावं लागत नाही,” ती चहा घेताना सांगत होती. “उशी आपल्या पसंतीची. सोबत येणाऱ्यांना एक केबिन फुकट. कपडे धुऊन, इस्त्री करून फुकट, हवे तेवढे. आणि...” इथे तिने आवाज आणखी खाली आणला. “एकदा भोंगा वाजवायला मिळतो.”

“कसला भोंगा?”

“जहाजाचा. बंदरातून निघताना. कप्तानाच्या शेजारी उभं राहून आपल्या हाताने.”

“हळू बोल,” बाबा म्हणाले.

खरं तर ती कुजबुजतच होती. पण आमच्या घराण्यात आवाज चढवायची पद्धत नाही. आजोबांना डोकेदुखी होती, म्हणून सगळ्यांनी हळू बोलायचं असा नियम झाला. आजोबा गेले, डोकेदुखी गेली, नियम राहिला. आत्या लहानपणी फार मोठ्याने हसायची म्हणे. तिला गप्प करायचं काम थोरला भाऊ म्हणून बाबांकडे होतं आणि ते त्यांनी अजून सोडलेलं नाही. आता त्यांना नीट ऐकू येत नाही. कानाचं मशीन आणून दिलंय, ते खिशात असतं. त्यामुळे आत्या मोठ्याने बोलतेय की हळू हे त्यांना कळत नाही. तिचे ओठ हलले की ते अंदाजाने “हळू” म्हणतात.

“भोंगा खोटा असणार,” मी म्हटलं. “बटण कशालाच जोडलेलं नसतं. म्हाताऱ्या बायकांच्या हातात बटण देतात आणि खरा भोंगा मागून दुसराच कोणी वाजवतो. नाहीतर टेप लावतात.”

आत्याने माझ्याकडे शांतपणे पाहिलं. “म्हणून तर तुला नेतेय, इन्स्पेक्टर,” ती म्हणाली.

मला लहानपणापासून ती इन्स्पेक्टरच म्हणते. पण या ‘म्हणून’चा अर्थ काही लागेना, आणि ज्याचा अर्थ लागत नाही त्याच्यामागे हेतू असतो हा माझ्या धंद्यातला पहिला धडा. इतकी वर्षं लाट, शिंपला आणि मोती असताना हिला भाचा आठवला नाही तो आत्ताच कसा आठवला?

बातमी संध्याकाळपर्यंत इमारतभर झाली. पहिल्यांदा आले वकीलसाहेब. ते वकील नाहीत. एकदा कुणाच्या तरी भांडणात साक्ष द्यायला कोर्टात गेले होते, तेव्हापासून इमारतीत त्यांना वकीलसाहेब म्हणतात आणि त्यांनीही कधी हरकत घेतलेली नाही.

“समुद्रात कायदा कोणाचा चालतो?” त्यांनी विचारलं.

“कोणाचा?”

“हाच तर प्रश्न आहे,” असं म्हणून ते खुर्चीत मागे टेकले आणि चहा येईपर्यंत पुढे काही बोलले नाहीत. चहानंतर म्हणाले, “पाण्यावर गेल्यावर सही करू नका. कशावरही नाही. जेवणाच्या बिलावर सुद्धा नाही.”

मी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. बरंच संगीत ऐकल्यावर एक गोड आवाज म्हणाला की सवलतींची माहिती फक्त सदस्यांना मिळते. मी म्हटलं, मला एवढंच सांगा की भोंगा खरा आहे का. आवाज म्हणाला, सर, आपण कोणत्या पातळीचे सदस्य आहात? मी म्हटलं, मी कोणत्याच पातळीचा नाही. तो आवाज इतक्या सहानुभूतीने “ओह” म्हणाला की माझा दिवसभर अपमान होत राहिला.

मी इकडे भोंग्याच्या मागे लागलो होतो तेव्हा बायकोचं लक्ष भलतीकडेच होतं.

“अहो, कपडे धुऊन फुकट म्हणाल्या ना आत्या? हवे तेवढे?”

“असं म्हणतात. पण बारीक अक्षरात काहीतरी असणारच.”

“आपले हॉलचे पडदे किती दिवस धुवायचे राहिलेत.”

मी बारीक अक्षरांवरच अडकलो होतो, त्यामुळे या वाक्याचं गांभीर्य मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी हॉलचे पडदे उतरले. त्यांच्यासोबत खोल्यांचे उतरले, मग सोफ्याची कव्हरं निघाली, मग पलंगपोस. बिनपडद्याचं घर बघून तळमजल्यावरच्या काकू चौकशीला वर आल्या. या काकूंना एखादी गोष्ट सांगितली की वेगळी नोटीस लावावी लागत नाही. त्या खाली गेल्या आणि स्वतःचे निळे पडदे घेऊन परत आल्या.

“जाताच आहात तर,” त्या म्हणाल्या.

मग वकीलसाहेबांनी आपली जाड रजई पाठवली. समुद्रातल्या कायद्याबद्दल त्यांना शंका होती, तिथल्या धुलाईबद्दल नव्हती. मग कोणाच्या चादरी, कोणाची मच्छरदाणी. निघायच्या दिवशी आमच्याकडे आमच्या घालायच्या कपड्यांची एक लहान बॅग होती आणि इमारतीच्या पाच फुगलेल्या पिशव्या होत्या. टॅक्सीवाल्याने विचारलं, “घर बदलताय का?”

आत्या परस्पर बंदरावर येणार होती. तिला बायकोने फोनवर एवढंच सांगितलं होतं की “थोडे धुवायचे कपडे घेतलेत.”

बंदरावर तपासणीच्या यंत्रातून पिशव्या गेल्या आणि परत मागे आल्या. गणवेशातल्या माणसाने विचारलं, “यात काय आहे?”

“पडदे,” मी म्हटलं.

“जहाजावर पडदे आहेत.”

“असतील. हे आमचे आहेत.”

“धुतलेले?”

“नाही. मळके.”

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याची डावी भुवई वर गेली. माझ्या नोकरीच्या इतक्या वर्षांत ही भुवई समोरून कशी दिसते ते मी पहिल्यांदाच पाहत होतो. मला घाम फुटला. तेवढ्यात आत्या आली, तिच्या छातीवरचा बिल्ला चमकला आणि तो माणूस एकदम वाकून बाजूला झाला. दीपस्तंभाच्या सामानाला अडवायचं नाही असा नियम होता. आत्याने पिशव्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुढे चालू लागली.

जहाजावरचे पहिले दिवस मी कामातच होतो. केबिनमध्ये फळांची परडी ठेवलेली होती. मी बायकोला एकाही फळाला हात लावू दिला नाही. उशीवर चॉकलेटं ठेवत, ती मी पुरावा म्हणून कपाटात जपून ठेवली. स्वागत-पेय घेऊन आलेल्या माणसाला मी विचारलं की याचे पैसे कोण देतं. तो म्हणाला, कोणीच नाही. असं उत्तर देणाऱ्या माणसाचा दावा मी आजवर एकदाही मंजूर केलेला नाही. बायको डेकवर समुद्र बघत बसे आणि मी तिच्या शेजारी बसून वेटर बघत असे.

आत्याला मात्र सगळे ओळखत होते. झाडणारा माणूससुद्धा हात थांबवून “कालची झोप कशी झाली?” विचारायचा. तिचा चहा न सांगता बिनसाखरेचा यायचा. आमच्या घरी आम्ही तिला दर वेळी साखर विचारतो. मला वाटलं, जाळं पक्कं विणलंय. एकटी बाई, पैसेवाली, गोड बोलून हिचं घर लिहून घेतील. मग वाटलं, की घर त्यांना द्यायचं ठरवून झालंय आणि मला साक्षीदार म्हणून आणलंय. मग जरा लाजेने असंही वाटलं, की घर आम्हाला द्यायचं असेल तर? हे शेवटचं मी बायकोला सांगितलं नाही. तिने विचारलं, “तुम्ही एवढे हसताय कशाला?”

पिशव्या पहिल्याच दिवशी धुलाईला गेल्या होत्या. परत काही येईना. शेवटचं बंदर यायच्या आदल्या दिवशी सकाळी आम्हाला आणि आत्याला सदस्य-कक्षात बोलावणं आलं. तिथल्या बाईंचं हसू इस्त्री केल्यासारखं होतं.

“मॅडम, आपल्या नावावर पडदे आले आहेत,” त्या आत्याला म्हणाल्या. “बरेच. शिवाय रजई आणि मच्छरदाणी. ही सवलत प्रवाशांच्या स्वतःच्या कपड्यांसाठी असते. आमच्या धुलाई विभागाला शंका आहे की कोणीतरी आपल्या सदस्यत्वावर लॉजचा धंदा चालवतंय. खुलासा होईपर्यंत दीपस्तंभाचे सगळे मान थांबवावे लागतील.”

“सगळे?” आत्याने विचारलं. “भोंगासुद्धा?”

“भोंगासुद्धा. तो उद्याच होता ना? सॉरी.”

आत्या भांडली नाही. आमच्या घराण्यात भांडत नाहीत. ती नुसती “बरं” म्हणाली, इतकं हळू की ते ऐकू आलं नाही, फक्त दिसलं. मग तिने छातीवरचा बिल्ला काढला, टेबलावर ठेवला आणि बाहेर गेली.

मला फार वाईट वाटलं. ही बाई त्या भोंग्यासाठी इतकी वर्षं पायऱ्या चढत आली होती, हे मला त्या क्षणी कळलं. घर नाही, सही नाही, साक्षीदार नाही. खरोखरच तिला भोंगा वाजवायचा होता, आणि तो आमच्या मळक्या पडद्यांखाली गेला होता.

“अहो, काहीतरी बोला ना,” बायको रडकुंडीला येऊन म्हणाली.

मी बोललो. दुर्दैवाने पहिलं वाक्य असं निघालं, की आम्हाला पडद्यांची आवड आहे. बाई नुसत्या बघत बसल्या. मी म्हटलं, प्रवासात आपले पडदे असले की घरच्यासारखं वाटतं. बाई बघत बसल्या. मी रुमाल काढून घाम पुसला, आणि मग सगळं खरं सांगितलं. काकू, वकीलसाहेब, रजई, सगळं. मी आजवर ज्यांना ज्यांना अशा खुर्चीत बसवलं होतं ते सगळे त्या दिवशी माझी गंमत बघायला तिथे असायला हवे होते.

“शेजाऱ्यांनी पडदे दिले,” बाई सावकाश म्हणाल्या. “जहाजावर धुवायला.”

“हो.”

“शेजाऱ्यांशी बोलता येईल?”

मी तिथल्याच फोनवरून वकीलसाहेबांचा नंबर लावला आणि स्पीकरवर ठेवला. “वकीलसाहेब, मी जहाजावरून बोलतोय. तुमची रजई...”

“कोण बोलतंय? कसली रजई?”

“अहो, तुम्ही धुवायला दिलेली!”

“मी कोणालाही काहीही दिलेलं नाही,” वकीलसाहेब करारी आवाजात म्हणाले. “ओटीपी मिळणार नाही. तुमच्यासारखे रोज फोन करतात. आमच्या इमारतीत एक विमावाले राहतात, त्यांनी आम्हाला चांगलं शिकवून ठेवलंय.” आणि फोन ठेवला.

ते विमावाले मीच. अनोळखी नंबरवर विश्वास ठेवू नका, ओळखीच्या आवाजावर तर मुळीच ठेवू नका, असं मी गच्चीवर सगळ्यांना जमवून सांगितलं होतं. तेव्हा टाळ्या पडल्या होत्या.

बायकोने स्वतःचा फोन काढला, तळमजल्यावरच्या काकूंना लावला आणि स्पीकरवर ठेवला. तिने “हॅलो” म्हणायच्या आत काकू सुरू झाल्या.

“अगं, बरं झालं फोन केलास! मी सांगायचीच विसरले. माझे ते निळे पडदे वेगळे धुवायला सांग हं. रंग जातो त्यांचा. भलताच जातो! मागे माझ्या जावेच्या सगळ्या पांढऱ्या चादरी निळ्या झाल्या, अजून बोलत नाही ती माझ्याशी. आणि इस्त्री उलट्या बाजूने. ऐकतेयस ना?”

बाईंचं हसू प्रथमच हललं. त्यांनी मान खाली घालून स्वतःच्या गणवेशाची बाही पाहिली. ती पांढरी असायला हवी होती. मी दोन दिवस समजत होतो की आकाशी रंग हा कंपनीचाच आहे.

“परवापासून आम्ही शोधतोय,” त्या हळूच म्हणाल्या. “सगळ्या अधिकाऱ्यांचे गणवेश... कप्तानांचासुद्धा...”

“काकू खरं बोलतायत,” मी म्हटलं.

“दिसतंय,” बाई म्हणाल्या. मग त्यांनी टेबलावरचा बिल्ला उचलला आणि माझ्या हातात ठेवला. “लॉजवाल्याने निदान रंग बघून कपडे वेगळे केले असते,” त्या म्हणाल्या. “मॅडमना उद्या वेळेवर यायला सांगा. पडद्यांसकट तुम्ही मात्र पुन्हा येऊ नका.”

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं कप्तानाच्या कक्षात उभे होतो. भिंतभर काच, खाली बंदर, आणि मध्ये फिकट निळ्या गणवेशातला कप्तान. त्याने माझ्याशी हात मिळवला, पण डोळ्यांत ओलावा नव्हता. मी भोंग्याच्या बटणाची पाहणी केली. खाली वाकून वायर कुठे जाते ते बघायचा प्रयत्न केला. बायकोने माझा शर्ट मागून ओढला.

“मी मान हलवली की दाबायचं,” कप्तान आत्याला म्हणाला. “थोडाच वेळ. मी सांगितलं की सोडायचं.”

त्याने मान हलवली. आत्याने दाबलं.

तो आवाज कानांनी ऐकायचा नव्हताच. तो पायांतून वर आला, पोटात शिरला, दातांत वाजला. बंदरावरचे सगळे पक्षी उडाले. धक्क्यावरची माणसं वळून बघायला लागली. पण टेप असू शकते, मी मनाशी म्हटलं. टेप संपेल आता. कप्तानाने हात वर केला. आत्याने सोडलं नाही. कप्तान काहीतरी म्हणाला, ते कोणाला ऐकू आलं नाही. आत्या समोर बघत होती, ताठ उभी, अंगठा पांढरा पडलेला. कप्तान तिच्या कानाशी ओरडला. शेजारच्या धक्क्यावरच्या एका बोटीने गोंधळून आपलाही भोंगा दिला. शेवटी कप्तानाने दोन्ही हातांनी तिचा अंगठा उचलला, तेव्हाच आवाज थांबला.

तिच्या अंगठ्याने सुरू झाला होता आणि अंगठ्यासोबतच थांबला. माझी भुवई खाली आली ती मला स्वतःला जाणवली.

“खरा आहे,” मी म्हटलं.

“माहीत आहे मला,” आत्या म्हणाली. “पण मी सांगून काय उपयोग? मी काहीही सांगितलं की दादा ‘हो का’ म्हणतो आणि पेपर उघडतो. तू कशावरच विश्वास ठेवत नाहीस, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. तू सांगितलंस तर मानतील.”

माझ्या डोक्यात इतके दिवस तिचं घर होतं. मला तिच्याकडे बघवेना. बायको डोळे पुसत होती आणि वारा फार आहे म्हणत होती. सगळ्या खिडक्या बंद होत्या.

आम्ही घरी परतलो त्या दिवशी सगळे शेजारी आपापले पडदे न्यायला आले. आत्याही आमच्यासोबत वर आली होती. बाबा त्यांच्या खुर्चीत पेपर वाचत होते. घडी केलेले, पातळ कागदात गुंडाळलेले पडदे हॉलभर मांडले होते आणि जवळजवळ सगळेच थोडे थोडे निळे होते. काकूंचे तेवढे पांढरट झाले होते. त्या म्हणाल्या, आता बरे दिसतात.

“आत्याने भोंगा वाजवला,” मी सगळ्यांना सांगितलं. “खरा. मी तपासला.”

वकीलसाहेबांनी रजई काखेत धरली आणि माझ्याकडे टक लावून पाहिलं. “फुकट नेलं ना तुम्हाला?” ते म्हणाले. “मग तुम्ही हेच सांगणार.”

सगळ्यांनी माना हलवल्या. मीच शिकवलेली माणसं ही. जन्मात एकदा मी कशाची तरी खात्री दिली आणि माझा दावा तिथल्या तिथे नामंजूर झाला.

“जाऊ दे रे,” आत्या हळूच म्हणाली आणि पर्स उचलून उठायला लागली.

“काय म्हणतोय हा?” बाबांनी पेपर खाली करून विचारलं.

“बाबा, आत्याने भोंगा वाजवला.”

“काय?”

“आत्याने भोंगा वाजवला!”

“नीट सांग.”

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी हॉलच्या मधोमध उभा राहिलो, छाती भरून श्वास घेतला आणि या घरात कधीच कोणी ओरडलं नव्हतं तसा ओरडलो, “आत्याने जहाजाचा भोंगा वाजवला! मोठ्ठा! सगळं बंदर हललं! मी स्वतः ऐकलाय!”

काकूंच्या हातातला पडदा खाली पडला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग आत्याकडे पाहिलं. सवयीने त्यांचं बोट ओठांकडे निघालं. ते अर्ध्या वाटेत थांबलं, वळलं आणि खिशात गेलं. त्यांनी मशीन काढलं, फुंकर मारून पुसलं आणि नीट बसेपर्यंत कानात फिरवलं.

“केवढा होता?” त्यांनी आत्याला विचारलं. “दाखव बघू.”

आत्याने पर्स खाली ठेवली. पडद्यांच्या ढिगात ताठ उभी राहिली, तोंड उघडलं आणि भोंगा वाजवून दाखवला. वरच्या मजल्यावर कोणीतरी खिडकी उघडली. समोरच्या इमारतीत एक कुत्रं भुंकायला लागलं. आत्या थांबेचना, आणि मध्येच तिला हसू फुटलं, तेही भोंग्याएवढंच.

बाबांनी कानातलं मशीन काढलं नाही.